नऊ नंबरच्या बॉक्समधला थरोब्रेड

माझी शेवटची पोस्टिंग आर्मीने काढली नाही, बायकोने काढली. घोडदळ आणि रिमाउंट डेपो, म्हणजे फौजेसाठी घोडे तयार करायचं ठिकाण, मिळून सतरा वर्षं झाल्यावर मी दफादार, म्हणजे घोडदळातला हवालदार, म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. मेधा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर होती. माझी ट्रंक अजून उघडलीही नव्हती, तोच तिला कावासाकीतलं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. "अहो, तुम्ही येणार ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, "रिपोर्टिंग डेट सांग."

१९९५ च्या सप्टेंबरात आम्ही तोक्योत उतरलो. ओजिमाला आठव्या मजल्यावर सरकारी वसाहतीतलं घर मिळालं. माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असं लिहिलं होतं. ज्याच्या हाताखाली बावीस सवार आणि चोवीस घोडे होते, तो माणूस आता कागदोपत्री बायकोवर अवलंबून होता. मेधाला याची फार गंमत वाटायची. फोनवर ती पुण्याला सांगायची, "हो, डिपेंडंटना आणलंय बरोबर. त्रास देत नाहीत."

पहिले दोन महिने मी घर चालवलं. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, जुनी वर्तमानपत्रं कशी बांधायची, हे सगळं आठवड्याभरात पाठ केलं. त्याच मजल्यावर राहणाऱ्या आणखी तीन-चार मराठी कुटुंबांतल्या बायका शंका आली की माझं दार वाजवायच्या. पण मेधा सकाळी ७.१० ला स्टेशनकडे निघाली की रात्री साडेआठपर्यंत घरात मी आणि भिंती. हात रिकामे राहिले की फौजी माणूस चिडचिडा होतो. मीही झालो.

मेधाच्या ऑफिसमधल्या एका बाईने इचिकावापलीकडच्या एका रायडिंग क्लबचा पत्ता दिला. सबवेने शेवटच्या स्टेशनापर्यंत, पुढे पंचवीस मिनिटं बस. नाशपातीच्या बागांमध्ये वीस बॉक्सचा तबेला, एक रेतीचं मैदान, एक ऑफिस. मालक नागासे-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'), वय पन्नासच्या आसपास. तरुणपणी ते उत्तर जर्मनीत दोन वर्षं घोड्यांच्या कामाला होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. एक अडेल घोडी दाखवली आणि खुर साफ करायचा हूक हातात दिला. चारही खुर करून मी हूक परत केला. ते म्हणाले, "उद्यापासून." डिपेंडंटला आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करायची परवानगी होती. माझं आरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम, त्या हिशेबात बसवलं. आमचं बोलणं मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकं जपानी अशा खिचडीत चालायचं. इथे मी ते सरळ मराठीत देतो.

सकाळी ८.०० ला पाणी. ८.१५ ला दाणा. ९.०० ला बॉक्स साफ. मग खरारा. प्रत्येक घोड्याच्या दारावर पाटी होती आणि पाटीवर लिहिलेलं अक्षरशः तसंच करायचं. सोमवारी क्लब बंद. ही शिस्त पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

वीसपैकी पाच घोडे जर्मन होते. त्यांना वॉर्मब्लड म्हणतात. त्यांच्या रक्ताचं तापमान वेगळं असतं असं काही नाही. नांगर ओढणारा जड घोडा 'थंड', शर्यतीचा थरोब्रेड 'गरम', आणि हे मधले. या पाचांत लिंडा नावाची हॅनोव्हरची घोडी नागासे-सानची लाडकी. तांबूस रंग, दणकट हाडं, आणि स्वतःबद्दल चांगलं मत. पट्टा आवळला की चावायची. तिच्यापासून पुढे रायडिंगचे घोडे तयार करायचे, हे नागासे-सानचं स्वप्न होतं, आणि त्यासाठी जर्मनीतल्या घोड्याचं बीज मागवायचा त्यांचा बेत होता.

उरलेले बहुतेक थरोब्रेड. शर्यतीतून निघालेले. जपानमध्ये असे घोडे ढिगाने मिळायचे, आणि ढिगाने मिळणाऱ्या वस्तूची किंमत राहत नाही, तशी त्यांची राहिली नव्हती. नऊ नंबरच्या बॉक्समध्ये असाच एक कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, नर होता. शर्यतीतलं नाव लांबलचक. तबेल्यात त्याला असानागी म्हणत, म्हणजे सकाळचा शांत समुद्र. वय नऊ. खसी न केलेला नर असूनही त्याच्या बॉक्समध्ये पाठ करून उभं राहता यायचं. नर घोड्याकडे मी सतरा वर्षांत कधी पाठ केली नव्हती. त्याच्याकडे पहिल्याच महिन्यात केली. मला तो आवडला, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही.

१९९६ च्या एप्रिलच्या सुरुवातीला नागासे-साननी ऑफिसच्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. १८ एप्रिल: जर्मनीहून नवा घोडा, बॉक्स नऊ. १७ एप्रिल: ट्रक. ट्रक कत्तलखान्याला जातो हे तबेल्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी दोनदा फळा वाचला. मग असानागीच्या बॉक्समध्ये जाऊन खरारा केला. त्याची गरज नव्हती, अर्ध्या तासापूर्वीच झाला होता.

घरी मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना बोललात का?"

"मी पार्ट-टाइम आहे."

"अहो, तोंड तरी फुल-टाइम आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमध्ये गेलो. भिंतीवर लिंडाची वंशावळ फ्रेम करून लावली होती. तीन पिढ्या, जर्मन भाषेत. आमच्या रिमाउंट डेपोतही अशीच रजिस्टरं असत. आम्ही जड बांध्याच्या घोड्यांवर थरोब्रेड नर द्यायचो आणि त्यातून सवारीचा घोडा काढायचो, त्यामुळे असा कागद मला वाचता येतो. लिंडाच्या आईचा बाप इंग्लिश थरोब्रेड होता. बापाच्या बाजूला पणजोबाही थरोब्रेड. जर्मन लोक अशा नावापुढे एक खूण करतात, ती दोन्हीकडे होती.

मी बोट ठेवलं. "नागासे-सान, हे दोघं कोण?"

"थरोब्रेड."

"आणि नऊ नंबर?"

ते जरा हसले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. ते खुर्ची ओढतात तेव्हा बोलणं लांबतं, हे मला नंतर कळलं.

ते म्हणाले, "जर्मनीत ज्या म्हाताऱ्याकडे मी काम शिकलो, त्याच्या लहानपणी हॅनोव्हरचे घोडे सकाळी नांगर ओढायचे आणि बोलावणं आलं की तोफा. मग लढाई संपली. शेतात ट्रॅक्टर आला. घोडे बिनकामाचे झाले. शहरातल्या लोकांना मात्र बसायला घोडा हवा होता. उड्या मारणारा, लांब पावलांचा, हलका. तेव्हा त्यांनी इंग्लिश थरोब्रेड आणले आणि जड घोड्यांवर दिले. एक पिढी थरोब्रेड, मग पुन्हा आपले. सारखं देत गेलं तर घोडा पातळ होतो आणि डोकं गरम."

"मिठासारखं," मी म्हणालो. "नसलं तर अळणी, जास्त झालं तर आमटी फेकायची."

"हो. पण ते शंभर पाहून एक निवडतात. आणि नुसतं पाहून नाही, परीक्षा घेतात."

"कसली?"

"उडी, चाल, दम. आणि शेवटी घोड्यावर अनोळखी माणूस बसवतात. ज्याने तो घोडा आधी कधी पाहिलेला नाही असा. तो खाली उतरून गुण देतो. घोडा त्याच्या मालकाचं ऐकतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो परक्याचं ऐकतो का, हे बघायचं असतं."

बेकार झालेले तोफखान्याचे घोडे सिव्हिल लाइफमध्ये कसे मुरवले, याची ती गोष्ट होती. मी पेन्शनर असल्यामुळे ती मला अंमळ जास्तच भिडली. मी उभा राहिलो. सवयीने टाचा जुळल्या.

"साहेब, मग नऊ नंबरची परीक्षा घ्या."

ते फ्रेममधल्या त्या दोन नावांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंगळवार, १६ तारीख. सकाळी साडेनऊ. परका स्वार मी आणीन. नापास झाला तर सतराला ट्रक."

"आणि पास झाला तर?"

"तर लिंडा."

माझ्याकडे तेरा दिवस होते. शेवटचा दिवस सोडून मी त्याला रोज चाळीस मिनिटं चालवलं. परमिटच्या तासांबाहेरचे तास मी 'घोडे बघायला आलो' असे घालवले. पहिले तीन दिवस फक्त हातात धरून, कारण आमच्याकडे रिमाउंटवर, म्हणजे नव्याने आलेल्या घोड्यावर, पहिल्या दिवशी कुणी चढत नाही. मग लांब लगाम. मग खोगीर. शर्यतीच्या घोड्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, लगाम ताणला की पळ. त्याला उलटं शिकवावं लागतं. असानागी पाचव्या दिवशी शिकला. त्याची गॅलप मी कधी विसरणार नाही. पाठीखाली काही हलतंय असं वाटायचंच नाही, फक्त नाशपातीची झाडं मागे जायची. त्या वर्षी ती तेव्हा फुलावर होती.

आता माझी चूक सांगतो. ती इतर कुणाकडून झाली नसती. ती दफादारच करू शकतो.

सोमवारी, १५ तारखेला, क्लब बंद होता. मी किल्ली मागून घेतली आणि सकाळी आठला हजर झालो. माझ्या डोक्यात उद्या इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी काय करायचं हे माझ्या हातांना पाठ होतं. पाय धुतले. खुरांना तेल लावलं. आयाळीच्या नऊ वेण्या घातल्या आणि प्रत्येक दोऱ्याने शिवली. अंगावर चमक यावी म्हणून ओट्स पूर्ण मापाने दिले, वर आणखी एक माप. दोन तास मालिश केली. मळायला नको म्हणून त्याला बॉक्सच्या बाहेर काढलं नाही. संध्याकाळी तो आरशासारखा दिसत होता. मेधाला पोलरॉइड फोटो दाखवला, तर ती म्हणाली, "आपल्या लग्नात मला एवढं सजवलं नव्हतं हो."

सिव्हिलियन वाचकांना यात काय चुकलं ते कळणार नाही. घोडदळातल्या कुठल्याही रिक्रुटला कळेल. सुट्टीच्या दिवशी घोड्याचा दाणा अर्धा करायचा आणि चोकराचं, म्हणजे गव्हाच्या कोंड्याचं, पातळ मॅश द्यायचं, हा नियम मी स्वतः शेकडो पोरांना शिकवला आहे. पूर्ण दाणा खाऊन दिवसभर उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला, तर मागच्या पायांचे स्नायू जखडतात. रविवारच्या सुट्टीनंतर होतं म्हणून त्याला 'मंडे मॉर्निंग' म्हणतात. तापट रक्ताच्या घोड्यांत जास्त. मग इन्स्पेक्शनला आमचे घोडे कसे जखडत नव्हते? कारण मी दाणा वाढवायची ऑर्डर द्यायचो आणि ड्यूटीवरचा सवार पहाटे घोडा तासभर फिरवून आणायचा. इतकी वर्षं कुणीतरी फिरवत होतं. नागासे-सानच्या तबेल्यात ऑर्डर देणारा मी होतो, आणि ती घेणारं कुणीच नव्हतं. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

१६ एप्रिल. आकाश स्वच्छ, हवा थंड. ९.२० ला नागासे-सान आपला परका स्वार घेऊन आले. मी एखाद्या तगड्या माणसाची वाट बघत होतो. आल्या ओगावा-सान. अठ्ठावन्न वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, दुसऱ्या क्लबात तीस वर्षं घोड्यावर बसणाऱ्या. वजन पंचेचाळीस किलोपेक्षा जास्त नसेल. माझा चेहरा बघून नागासे-सान म्हणाले, "मी घोडे कुणासाठी तयार करणार आहे? यांच्यासाठीच."

९.३० ला त्या चढल्या. पावली चाल. ९.३६ ला ट्रॉट. मी कुंपणाशी सावधान उभा होतो. ९.४१ ला डावीकडून गॅलप, अगदी हलकी, आणि ओगावा-सान हसल्या. घोड्यावर बसलेला माणूस आपोआप हसतो तेव्हा समजायचं की काम झालं. नागासे-सान हाताची घडी घालून उभे होते, ती त्यांनी सोडली.

९.४६ ला त्याचं मागचं पाऊल आखूड पडलं. मला वाटलं, रेतीत खड्डा असेल. मग पुन्हा आखूड. बगलेत आणि मांड्यांवर घाम दिसला, सोळा मिनिटांच्या कामाला जास्त. त्या क्षणी मला सोमवारचं दाण्याचं जादा माप आठवलं.

"थांबवा!" मी मराठीत ओरडलो. "तोमारे! तोमारे!"

९.४७. असानागी थांबला होता. मी धावत पोचलो आणि त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. लाकडाच्या फळीसारखा कडक. तो थरथरत होता, नाकपुड्या फुगल्या होत्या.

"बाई, उतरा. आत्ता. हळू."

त्या उतरू लागल्या. रिकिबीत बूट अडकला. एका पायावर तोल गेला आणि त्या त्याच्या मागच्या पायाशीच पडल्या, रेतीत बसल्या, आणि उठण्यासाठी हाताला जे लागलं ते धरलं. हाताला लागली त्याची जखडलेली मांडी.

जखडलेल्या स्नायूला हात लावलेला कुठलाच घोडा सहन करत नाही. लाथ मारतो. मी एका सवाराचा जबडा तसा गेलेला पाहिला आहे. असानागीचे कान मागे गेले. त्याने मान वळवली आणि खाली कोण आहे ते पाहिलं. मग कान पुढे आले. ओगावा-सान त्याचा पाय धरून, कपड्यांवरची रेती झटकत उठल्या, आणि तो सगळा वेळ तसाच उभा राहिला. मी त्यांना ओढून बाजूला घेतलं. 

नागासे-सान वॉकीटॉकीवर होते. "ऑफिस. डॉक्टर. घोडा मैदानात, चालत नाही."

"किती वेळात हवे?"

"आत्ता."

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "चूक माझी. काल पूर्ण दाणा आणि वर एक माप. काम शून्य. घोड्याचा दोष नाही."

 त्यांनी स्वतःचं जाकीट काढलं आणि घोड्याच्या कमरेवर टाकलं.

जखडलेल्या घोड्याला एक पाऊलही चालवायचं नसतं. म्हणून आम्ही बॉक्स त्याच्याकडे नेला. मी गवताचे गठ्ठे आणून वारा अडवायला तीन बाजूंनी भिंत रचली, वर ब्लँकेटं टाकली. १०.२५ ला डॉक्टर आले. सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली. साडेअकराला तो मुतला, काळ्या चहाच्या रंगाचं. डॉक्टर म्हणाले, "पुढचे चार तास. रंग फिका झाला तर वाचेल."

ओगावा-सान घरी गेल्या नाहीत. त्यांनी ऑफिसमधून गुणांचा कागद मागून आणला आणि गठ्ठ्यावर बसून भरला. रायडेबिलिटी, म्हणजे बसणाऱ्याचं ऐकणं: दहापैकी आठ. खाली लिहिलं होतं, 'त्याचं दुखतंय हे मला आधी कळायला हवं होतं. कमी झालेले दोन गुण माझे, त्याचे नाहीत.' नागासे-साननी तो वाचला आणि खिशात ठेवला.

"जाधव-सान," ते दुपारी एकच्या सुमाराला म्हणाले. आम्ही दोघं त्या गवताच्या भिंतीआड उभे होतो, मी डोक्याशी, ते कमरेशी. "तो हलू शकत नव्हता. म्हणून उभा राहिला. त्याला स्वभाव म्हणता येत नाही."

हे खरं होतं. मी ते नाकारलं नाही. "चालू शकत नव्हता. लाथ मारू शकत होता."

 त्यांनी आपला हात त्याच मांडीवर ठेवला, मुद्दाम, जिथे ओगावा-साननी धरली होती. कातडी थरारली. घोड्याने मान वळवून त्यांना पाहिलं. लाथ आली नाही. त्यांनी हात काढला नाही, दुपारभर तो तिथेच होता.

"लिंडा मला पट्टा आवळतानाही चावते," ते स्वतःशीच म्हणाले.

२.५० ला मूत्र पिवळसर झालं. ३.२० ला असानागीने स्वतःहून एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि माझ्या खिशात तोंड घातलं. मी मागे वळलो आणि डोळे पुसले. नागासे-सान ऑफिसच्या दिशेने निघाले होते. खिडकी उघडी होती, त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं.

"उद्याचा ट्रक नको. हो. नाही, नंतरही नको."

प्रश्न बॉक्सचा होता. नवा घोडा परवा येणार होता. मी असानागीसाठी ट्रॅक्टरची शेड रिकामी केली, एका दिवसात, एकट्याने, कुणी सांगितलं नसताना. नागासे-साननी मला त्या चुकीची शिक्षा दिली नाही, म्हणून मी स्वतःच घेतली. नव्या पाटीवर मी दोन मापं लिहिली, कामाच्या दिवसाचं आणि सोमवारचं. पुढच्या आठवड्यात मालकांनी सगळ्या वीस पाट्या तशाच बदलून घेतल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात लिंडाला असानागीकडे नेलं. तिने त्यालाही चावून पाहिलं. त्याने तिला वेळ दिला. जूनमध्ये डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं आणि अंगठा वर केला, लिंडा गाभण होती. या शिंगराला हॅनोव्हरचे कागद मिळणार नव्हते, कारण असानागीला कुठल्या जर्मन कमिटीने पास केलं नव्हतं. मी तसं म्हणालो, तर नागासे-सान म्हणाले, "मी पास केलंय." त्या वर्षी ओगावा-सान आमच्याच क्लबात बसायला लागल्या, आणि दर बुधवारी असानागीच मागायच्या.

माझ्यासाठी ते वर्ष फार सुखाचं गेलं. मेधाने एकदा विचारलं, "आता कंटाळा येतो का?" मला उत्तर द्यायलाही वेळ नव्हता, मी बस गाठत होतो.

फेब्रुवारीच्या ११ तारखेला, सकाळी ९.१५ ला, असानागी बॉक्समध्ये लोळताना दिसला. आधी साधा पोटशूळ वाटला. अकरापर्यंत कळलं की आतड्याला पीळ बसला आहे. दाणा बरोबर होता, पाणी बरोबर होतं, मी पाटीवरची प्रत्येक ओळ तीनदा तपासली. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी कारण नसतं." ऑपरेशनच्या ठिकाणी न्यायला चार तास लागले असते आणि तेवढे त्याच्याकडे नव्हते. नागासे-साननी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. १२.०५ ला इंजेक्शन दिलं. डोकं मी धरलं होतं. ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. तो शांतपणे गेला.

नागासे-साननी त्याला जाळायची व्यवस्था केली. बागेच्या कडेला घोड्यांचा एक जुना दगड होता, त्यावर देवाची झिजलेली मूर्ती. पूर्वीचे शेतकरी आपले मेलेले घोडे तिथे आठवायचे. राखेचं छोटं मडकं त्या दगडामागे पुरलं. आयाळीची एक बट ओगावा-साननी पांढऱ्या दोऱ्याने बांधून ठेवली.  सैन्यात दोन माणसं माझ्या डोळ्यांसमोर गेली आहेत, त्यांच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण दुःख त्याच जागी झालं, एवढं सांगतो.

एप्रिलच्या ९ तारखेला सकाळी ६.१० ला लिंडा व्याली. मी आणि नागासे-सान दाराबाहेर होतो, तिला आमची काही गरज पडली नाही. मादी शिंगरू, कुमैत, पाय इतके लांब की कुठे ठेवावेत हे तिलाच कळेना. दोनदा पडली. ६.५५ ला उभी राहिली. लिंडाने जन्मात पहिल्यांदा कुणाला न चावता चाटलं. नागासे-सान गुडघ्यांवर बसून रडत होते आणि मला म्हणत होते, "खांदा बघा, खांदा बघा." खांदा असानागीचा होता. हाडं आईची.

तिसऱ्या दिवशी दोघींना पहिल्यांदा बाहेर काढलं. लिंडाचा दोर माझ्या हातात, शिंगरू मोकळं. मागे नागासे-सान, ओगावा-सान, आणि सुट्टी काढून आलेली मेधा. नाशपाती पुन्हा फुलली होती. दगडापाशी आल्यावर मी दोर मेधाला दिला. ती घाबरली, पण धरला. मी टोपी सरळ केली आणि परेडच्या आवाजात ओरडलो, "सावधान!"

त्या दोघा जपानी माणसांना शब्द कळला नाही, पण दोघंही ताठ झाले. मेधाही झाली. मी दगडासमोर तीन पावलं गेलो, सॅल्यूट केला आणि रिपोर्ट दिला, जसा आम्ही आमच्या अफसरला देतो.

"राम राम, साहेब. मादी शिंगरू एक. जन्म नऊ एप्रिल, सकाळी सहा दहा. चारही पाय सरळ. स्वतः उभी राहिली, स्वतः दूध प्यायली. आई ठीक. बाकी सब ठीक, साहेब."

माझा आवाज 'आई ठीक'पर्यंत टिकला. पुढचं मी कसंबसं पूर्ण केलं. हात खाली घेऊन वळलो, तर सगळे अजून सावधानमध्ये उभे होते, विश्राम द्यायचं मी विसरलो होतो. शिंगरू तेवढं लिंडाखाली शिरून शेपटी हलवत दूध पीत होतं. ते पिऊन होईपर्यंत मी कुणाला विश्राम दिला नाही.